बार्शी लाइटची गाडी आणि आपली दिंडी



शताब्दीच्या ग्रंथासाठी आम्हाला दिंडीच्या वाटेविषयी लिहायला सांगितलं. आम्ही चौथी शिकलेले. कीर्तनात उभं राहिलो तर दोन तास तोंड थांबत नाही, पण कागद पुढं आला की हात जड होतो. तरी माळकरी मंडळींची आज्ञा म्हणून बसलो. नातीनं शुद्धलेखन पाहिलं आहे, बाकी चूकभूल आमची.

गेल्या पौषात बैठक झाली. शताब्दीला दिंडीपुढं चित्ररथ काढायचा ठरलं. कोणी म्हणालं पुंडलिकाचा देखावा करू, कोणी म्हणालं चंद्रभागेचं वाळवंट. ते सगळीकडंच असतं. मग आमच्यातल्या एका आयटीआय शिकलेल्या पोरानं तोंड उघडलं, "आबा, ती बार्शी लाइटची छोटी गाडी केली तर? लातुरापासून पंढरीपर्यंत आपल्या वाटेच्या बाजूनंच पळायची म्हणतात." बैठकीत दोनचार जण हसले. दिंडीच्या पैशातून खेळणं करायचं का, असाही सवाल आला. पण विणेकरी बुवा म्हणाले, "करू द्या. पोरं कामाला लागली तर देवाचंच काम." असं ते ठरलं, आणि पोरांना जुनं सांगायला म्हणून त्यांच्यात आम्हाला घातलं. जुनं सांगता सांगता आम्हालाच पुष्कळ शिकावं लागलं, ते इथं मांडतो.

आता ही गाडी कोणती, ते नव्या पिढीला सांगितलं पाहिजे. भोकरच्या माणसाला रेल्वे नवी नाही. मुदखेडहून आदिलाबादला जाणारी मीटर गेजची गाडी आपल्या दारातून जायची, आता त्याच वाटेवर मोठा रूळ आहे. पण बार्शी लाइट तिच्याहूनही लहान. दोन रुळांमधलं अंतर अवघं अडीच फूट. यवतमाळ-मूर्तिजापूरची शकुंतला आणि खानदेशातली पाचोरा-जामनेर यांचंही माप तेच.

ही गाडी आणली एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरनं. हा गृहस्थ १८८२ साली जीआयपी रेल्वेत इंजिनं तपासायच्या नोकरीवर आला. त्या वेळी बार्शी ही कापसाची मोठी पेठ, पण मुंबईकडची मोठी रेल्वे बार्शीला टाळून वीसबावीस मैलांवरून गेलेली. बार्शीचा माल बैलगाड्यांनी बार्शी रोडला न्यायचा. बार्शी रोड म्हणजे आजची कुर्डुवाडी. पावसाळ्यात त्या काळ्या रानात गाडी रुतली की काय होतं, हे आम्हा शेतकऱ्यांना सांगायला नको. कॅलथ्रॉपनं ते पाहिलं आणि डोक्यात घेतलं की इथं हलकी रेल्वे पाहिजे. सरकारदरबारी खेटे घालण्यात बरीच वर्षं गेली. शेवटी १८९५ मध्ये लंडनात कंपनी निघाली आणि १८९७ मध्ये बार्शी रोड ते बार्शी गाडी धावली. १९०६ मध्ये फाटा पंढरपुरास गेला, १९११ मध्ये दुसरं टोक लातुरास आलं, आणि १९२७ मध्ये पंढरपूरहून पुढं मिरजेपर्यंत रूळ पडले. लातूर ते मिरज सगळी मिळून ३२५ किलोमीटर. १ जानेवारी १९५४ रोजी सरकारनं कंपनी विकत घेतली आणि ती मध्य रेल्वेत मिळवली.

या कॅलथ्रॉपचं आणखी एक ऐका. पुढं त्यानं विमानातून उडी मारणाऱ्याचा जीव वाचावा म्हणून हवाई छत्री काढली आणि तिचं नाव ठेवलं रक्षण करणारा देवदूत. घोड्यांचाही त्याला फार नाद, अरबी घोडे पाळायचा. रेल्वे, छत्री आणि घोडे, एका माणसात तीन छंद. आम्ही शेती, कीर्तन आणि आता ही आगगाडी करतो, तर घरात बोलणी खातो.

असो. पोरांनी विचारलं, माप काय धरायचं? आम्ही म्हणालो, हिशोब सोपा ठेवा, एका फुटाला अर्धा इंच. मग अडीच फुटांचा रूळ सव्वा इंचाचा झाला. मालाचा डबा पंचवीस फूट लांब आणि सात फूट रुंद असायचा. तो साडेबारा इंच लांब आणि साडेतीन इंच रुंद आला. माणूस पावणेतीन इंचाचा. याच मापानं लातूर-मिरज सगळी लाइन केली तर साडेतेरा किलोमीटर जागा लागेल, म्हणजे आख्खं भोकर ओलांडूनही रूळ उरेल. आपल्याकडं ट्रॅक्टरची एक ट्रॉली. म्हणून ट्रॉलीत मावेल एवढा लंबगोल घेतला आणि त्याच्या कडेनं लातूर, बार्शी, कुर्डुवाडी, पंढरपूर अशी चार ठिकाणं बसवायची ठरवली.

सुतारकाम सागवानी पाटावर केलं. रुळाला खिडक्या करणाऱ्याच्या दुकानातल्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्या घेतल्या, डब्यांना पत्रा. चाकं लेथवर काढून आणली. इंजिनात जुन्या जीपच्या वायपरची मोटर बसवली आणि तिला फवारणीच्या पंपाची बॅटरी जोडली. धुराड्यात धूप ठेवायचा. हे सगळं झालं आणि पहिल्याच दिवशी गाडी वळणावर पडली.

दुसऱ्यांदा ठेवली, पुन्हा पडली. पोरांनी चाकं घासली, रूळ वाकवले, पण डबा वळणावर आला की अडकायचा. मग आम्ही तिघं एसटीनं लातूरला आणि तिथून कुर्डुवाडीला गेलो. कुर्डुवाडीत बार्शी लाइटचा जुना कारखाना आहे, रेल्वेचं काम तिथं अजून चालतं. गावात एक निवृत्त फिटर भेटले. वय ऐंशीच्या पुढं, कानानं कमी. आम्ही पिशवीतून डबा काढून पुढं ठेवला. त्यांनी तो उलटा केला, खालून पाहिला आणि म्हणाले, "महाराज, बोगी कुठाय?"

आम्ही चार चाकं डब्याच्या तळाला पक्की ठोकली होती. ते म्हणाले, खऱ्या डब्याला दोन्ही टोकांखाली चार-चार चाकांची वेगळी चौकट असते, ती मध्ये खिळ्यावर फिरते, तिला बोगी म्हणतात. लांब डबा आणि तीव्र वळण दोन्ही पाहिजे असेल तर चौकट फिरली पाहिजे. आपल्या चारचाकी ट्रॉलीचा पुढचा ॲक्सल दांडीबरोबर वळतो, तसंच हे. आयुष्यभर ट्रॉली हाकली आणि एवढं लक्षात आलं नाही.

मग त्यांनी दुसरी गोष्ट सांगितली, ती आम्हाला फार आवडली. कॅलथ्रॉपचा नियम असा, की इंजिन असो का डबा असो, कोणत्याही ॲक्सलवर पाच टनांहून जास्त भार नाही. म्हणून रूळ हलका चालला, वाराला तीस रत्तल वजनाचा. हलका रूळ म्हणजे कमी खर्च. पण भार सगळीकडं सारखा वाटला म्हणून त्याच हलक्या रुळावरून भरपूर माल जायचा. पहिली इंजिनं लीड्स शहरच्या किटसन कारखान्याची, आठ चाकं दांड्यानं जोडलेली आणि मागं चार लहान. एवढी चाकं कशाला, तर वजन वाटायला. या डब्यांची आणि इंजिनाची परीक्षा आधी इंग्लंडातच लीड्सजवळ तात्पुरता रूळ टाकून घेतली होती. आणि पुढं १९०४ साली इंग्लंडात लीक आणि मॅनिफोल्डच्या खोऱ्यात याच माणसानं याच धर्तीची गाडी केली. म्हणजे आपल्या बार्शीचं पाहून तिकडं झालं. हे वाचल्यावर आम्हाला उगंच छाती फुगल्यासारखं वाटलं.

परत येऊन पाहिलं तर आमच्या इंजिनात बॅटरी मागच्या टोकाला, पुढची चाकं रुळावर नुसती टेकलेली. बॅटरी मध्ये घेतली, डब्यांना बोग्या केल्या, रिकाम्या डब्यात शिशाचे तुकडे टाकले. माघी एकादशीच्या आदल्या रात्री गाडीनं न पडता अकरा फेऱ्या मारल्या. पोरं नाचली. आम्ही टाळ घेतला.

येताना लातुरात उतरलो होतो. गाडीचं जुनं स्टेशन गावातच होतं. आता रूळ नाही, पण पत्ता सांगताना लोक अजून "जुनी रेल्वे लाइन" म्हणतात. नवं स्टेशन गावाबाहेर. पंढरपूर-कुर्डुवाडीचा रूळ आधी मोठा झाला, मग २००७ आणि २००८ मध्ये लातूरकडचा. नवा रूळ उस्मानाबादला वळसा घेऊन जातो. जुनी गाडी उस्मानाबादला शिवत नव्हती, येडशीहून रामलिंगाच्या डोंगरातून थेट बार्शीकडं उतरायची. आपली दिंडी नांदेडला गोदावरी ओलांडून लोहा, अहमदपूर, लातूर, मुरूड, येडशी, बार्शी अशी जाते, बार्शीला भगवंताचं दर्शन घेऊन पुढं कुर्डुवाडीला निघते. म्हणजे लातूरपासून पुढं कधी डाव्या हाताला तर कधी उजव्या हाताला ही गाडी असायचीच. जुनी माणसं सांगायची की चढावर गाडी इतकी हळू व्हायची की डब्यातली माणसं आणि वाटेवरची दिंडी एकमेकांना हाका मारून बोलायची.

आता आमच्या मनातलं सांगतो. ते सांगावं का नाही याचा पुष्कळ विचार केला.

आम्ही तिसाव्या वर्षापासून कीर्तन करतो. पायी वारीचं महत्त्व सांगताना आमचा एक ठरलेला विनोद होता. बार्शी लाइटनं आलेला वारकरी आणि रोजानं आणलेला टाळकरी, दोघांनाही पंढरी दिसते पण पाय दुखत नाहीत, असं म्हणायचं आणि लोक हसले की अभंगाकडं वळायचं. वीस वर्षं हा विनोद चालला. एकदा कीर्तन करून घरी आलो, तर माय बाजेवर बसलेली. म्हणाली, "बापू, हसवणं चांगलं हाय तुझं. पर त्या गाडीत तू बी व्हतास."

खरंच होतो. १९६७ च्या सुमाराची गोष्ट, आम्ही सात वर्षांचे. बाप दिंडीबरोबर पायी. मायच्या पायाला जुनी इजा, तिला चालणं होत नव्हतं. तिनं आम्हाला घेतलं, लातूरपर्यंत एसटीनं आली आणि तिथून बार्शी लाइट. आषाढीला गर्दी एवढी की मालाच्या डब्यात माणसं भरायची. डब्याला बाक नाही, खिडकी नाही, नुसतं सरकतं दार. खाली कोणी गोणपाट अंथरलेलं. बाया दाराशी बसून गात होत्या. आमच्या डोळ्यात कोळशाची कणी गेली तर मायनं पदराचं टोक ओलं करून काढली. कुर्डुवाडीला रात्रभर फलाटावर पडून होतो. पहाटे पंढरपूरची गाडी मिळाली, आणि पुढच्या एका चढावर गडीमाणसं खाली उतरून गाडीच्या बाजूनं चालत होती, ते आम्हाला आठवतं. वाळवंटात पोचलो तेव्हा दिंडी अजून दोन मुक्काम मागं होती. माय तीन दिवस वाळवंटात बसून राहिली, दिंडी आली तेव्हा पुढं जाऊन बापाच्या पाया पडली. तिला दिंडीत कोणी मोजलं नाही. तिनंही कधी म्हटलं नाही की मी वारी केली.

तो विनोद आम्ही त्या दिवसापासून सोडला. पण कीर्तनात त्याची कबुली कधी दिली नाही.

चित्ररथाचं काम चाललं होतं तेव्हा मंडळानं मोठा फलक लिहून घेतला, शंभर वर्षांत या दिंडीच्या एकाही माणसानं गाडीत पाय ठेवला नाही. ऐकायला छान. आम्हीही मान हलवली होती. त्याच आठवड्यात विणेकरी बुवांच्या घरी जुन्या टाळांची पेटी उघडली, तिच्या तळाला दिंडीची जमाखर्चाची चोपडी निघाली. मोडीत लिहिलेली. नांदेडला मोडी वाचणारे एक गृहस्थ आहेत, त्यांच्याकडं नेली. त्यांनी फसली १३४० चं पान वाचलं. फसलीत ५९० मिळवले की इंग्रजी साल येतं, आणि आषाढ धरला तर ते १९३१ होतं. निजामाचं राज्य. त्या पानावर आधी पायाला लावायच्या एरंडेलाचा खर्च. मग लिहिलं आहे, लातूर ते पंढरपूर रेल, असामी अकरा, बायका सात, म्हातारे चार. रक्कम पुसट झाली आहे. त्याच्या खाली कलदार बदलून घेतल्याची बट्टा धरून नोंद.

हा बट्टा काय ते सांगतो. निजामाच्या राज्यात हाली सिक्का चालायचा, इंग्रजी मुलखात कलदार. बार्शी इंग्रजांची, लातूर निजामाचं. साधारण सात हालीला सहा कलदार पडायचे. हद्दीवर करोडगिरीचा नाका. म्हणजे आपल्या पूर्वजांची वारी एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जायची, गाठोडं सोडून दाखवत आणि पैसे बदलत. आज आपण टोलनाक्यावर कुरकुर करतो.

पान वाचून झालं आणि आम्ही तिघं गप्प. लातूरपर्यंत सगळे पायीच आलेले. पुढं ज्यांचे पाय चालेनात अशा अकरा जणांना दिंडीनं दिंडीच्या पैशातून गाडीत बसवलं होतं. पुढची पानं चाळली तर आणखी दोन वर्षी अशीच नोंद.

बैठकीत हे मांडलं तेव्हा मोठा वाद झाला. एक वडीलधारे म्हणाले, चोपडी पेटीत परत ठेवा, शताब्दीच्या तोंडावर हे कशाला? दुसरे म्हणाले, ज्यांना गाडीत बसवलं ते वारकरीच नव्हते, सोबतचे असतील. यावर आम्हाला राहवलं नाही. आम्ही उठलो आणि तो वीस वर्षांचा विनोद, मायचं बोलणं, मालाचा डबा, सगळं सांगितलं. कीर्तनात कधी आवाज गेला नाही तो तिथं गेला. कोणी काही बोलेना. आमच्या शेजारी बसलेले चोपदार खाली बघून म्हणाले, "माझी आजी पण त्याच गाडीनं जायची. घरात कोणी सांगायचं नाही."

मग विणेकरी बुवांनी विचारलं, "वीणा गाडीत बसली होती का?" चोपडीत तशी नोंद नव्हती. वीणा पायीच गेली असणार, कारण वीणा ज्याच्या गळ्यात त्याचा मुक्काम रोज लिहिलेला आहे. बुवा म्हणाले, "मग फलकावर तेवढंच लिहा. वीणा शंभर वर्षं पायी गेली. माणसं जशी जमेल तशी आली." फलक पुसून पुन्हा रंगवला. वडीलधारे आमच्याशी महिनाभर बोलले नाहीत. आता बोलतात, पण त्या विषयावर नाही.

गाडीला डबे चार केले आहेत. तीन कापसाच्या गाठींचे. चौथ्याचं दार उघडं ठेवलं आणि भोकरच्याच कुंभाराकडून पावणेतीन इंची माणसं करून घेतली, सात बायका आणि चार म्हातारे. कुंभारानं विचारलं, तोंडं कशी करू? आम्ही म्हणालो, थकलेली कर पण रडकी करू नको. त्यानं बायांची तोंडं उघडी केली, गात असल्यासारखी. ते आम्ही त्याला सांगितलं नव्हतं. बारावी मूर्ती मात्र आम्ही स्वतः मागून घेतली, मायची, मांडीवर लेकरू. पोरं म्हणाली, आबा, चोपडीत अकराच आहेत आणि साल पण वेगळं. आम्ही म्हणालो, असू द्या, तिकिटाचे पैसे आम्ही भरतो.

गावात आठ दिवस चित्ररथ मारुतीच्या पाराजवळ उभा होता. म्हाताऱ्या बाया येऊन डब्यात वाकून बघायच्या आणि पोरांना विचारायच्या, यातली माझी सासू कोणती? पोरांनी कोणालाही नाही म्हटलं नाही, ज्या मूर्तीकडं बोट दाखवलं ती त्यांची.

आषाढाच्या तोंडाला प्रस्थान झालं. गाडी नांदेडपर्यंत झकास पळाली, लोह्याला पण. अहमदपूरच्या मुक्कामी सकाळी बटण दाबलं तर इंजिन हलेना. झाकण उघडून पाहिलं तर बॅटरीच नाही. ज्याच्या पंपाची ती होती त्याचा भाऊ रात्री गावाकडून मोटरसायकलवर येऊन घेऊन गेला होता, पाऊस उघडला आणि कपाशीवर फवारणी करायची होती म्हणून. तिथून पंढरपूरपर्यंत आम्ही आणि आयटीआयचं पोरगं ट्रॉलीत आळीपाळीनं बसून गाडी हातानं ढकलत होतो.